डॉ. भाऊ दाजी लाड यांस अनावृत पत्र

कैलासवासी डॉ. रामकृष्ण विठ्ठल ऊर्फ भाऊ दाजी लाड यांसी, मुक्काम मांद्रे, महाल पेडणे (जन्मापुरता), पेडण्याच्या एका रहिवाशाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

थोर पुरुषांची, त्यातही माजी अध्यक्षांची, जन्मस्थळे पाषाणात मढविण्याचा जो प्रघात सांप्रत रूढ आहे, त्यास अनुसरून मांद्र्यातही एक स्मारक-संग्रहालय व्हावे, अशी दरखास्त लिहावयास आम्ही बसलो. आपण स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष. तेव्हा पात्रतेविषयी शंकाच नव्हती. परंतु 'मांडावयाचे जिन्नस' हा रकाना आला आणि लेखणी अडली. आपण लहानपणीच मुंबईस गेलात. पाळणा, दुपटे, निदान एखादी फुटकी पाटी कोणी जपून ठेवल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पाळण्याचे काय, तो करविता येतो. जुन्या फणसाचे लाकूड तासून महिनाभर चुलीच्या धुरावर धरले, की हवे तितके वय त्यास चढते. अमेरिकेत केंटकी प्रांती लिंकनसाहेबांचे जन्मघर म्हणून जी ओंडक्यांची खोपटी, त्यांच्या वयाइतक्या ५६ पायऱ्या चढून जावयाच्या ग्रॅनाइटच्या मंदिरात स्थापिली, ती त्यांची नव्हेच असे पुढे संशोधकांनी ठरविले, तरी मंदिराचे दरवाजे उघडेच आहेत! आमची खरी धास्ती आपल्या स्वभावाची. ज्या पुरुषाने अजिंठ्याचे झिजलेले लेख प्रत्यक्ष जाऊन वाचले आणि ताम्रपटांवरून राजांचे काळ ठरविले, तो त्या पाळण्यापुढे उभा राहून प्रथम दाखलाच मागेल.

आपला दुसरा अपराध याहूनही गंभीर आहे. कडू कवठीच्या तेलाने महारोग्यांवर उपचार करण्याच्या धबडग्यातही आपण मुंबईच्या संग्रहालयासाठी खटपट केलीत. १८७२ साली भायखळ्यास त्याची इमारत खुली झाली, ती व्हिक्टोरिया राणी आणि तिचे यजमान यांच्या नावाने. आपण १८७४ साली निवर्तलात, आणि आपले नाव त्या दारावर लागावयास १९७५ साल उजाडले. स्वतःचे नाव न लावता संग्रहालय उभे करणाऱ्याचे स्मारक कोणत्या कलमाखाली मंजूर व्हावे, हे हुजूर दफ्तरासही सांगता येणार नाही.

म्हणून दरखास्त दुरुस्त करून पाठवीत आहो. पाळणा खोडला आहे. त्याजागी डिचोलीच्या कुंभारांची भांडी, तेथील पितळी समया, आमच्या दशावतारी मंडळींचे जुने किरीट आणि अंगणात कडू कवठीचे एक झाड, इतके मागितले आहे. आपली तसबीर एकच, तीही दाराआड, लावण्यास अनुमती असावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.