मा. 'रेकमेंडेड' साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. रेकमेंडेड साहेब,
मु. पो. व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधली एक्स्पोर्टची खिडकी, वरून पहिले, निळ्या चौकटीत.

स. न. वि. वि.

परवा भाच्याने नाणेघाटाचं चित्रण आणून दिलं. भर पावसाळ्यात तिथे वारा खालून असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं माथ्यावर येतं. पोराने छातीला अ‍ॅक्शन कॅमेरा बांधून ते टिपलं होतं. मूळ फाइलमध्ये वर उडणारा थेंब न् थेंब सुटा दिसत होता. "मामा, नुसतं मागचं-पुढचं कापून दे," एवढंच त्याचं मागणं. काप देऊन फाइल आपल्या स्वाधीन केली आणि तासाभराने आपण हातात पिठलं ठेवलंत. थेंब गेले, गवत गेलं, धुक्यात नुसते चौकोन. ताई म्हणाली, "एवढे पैसे घालून घेतलेला कॅमेरा हा असला?" पाप आपलं, आळ बिचाऱ्या कॅमेऱ्यावर!

आपल्या काटकसरीला मात्र तोड नाही, साहेब. कॅमेऱ्याने दिलं होतं ४के, सेकंदाला ६० फ्रेम, १०० एमबीपीएस. म्हणजे मिनिटाला ७५० एमबी. आपण परत केलंत १०८०, ३० फ्रेम, ८ एमबीपीएस. मिनिटाला ६० एमबी! चारातले तीन पिक्सेल गेले, निम्म्या फ्रेम गेल्या, आणि हे सगळं न विचारता. वर आपल्या नावापुढे बिरुद काय, तर 'यूट्यूबसाठी उत्तम'. यूट्यूब स्वतः ४के, ६० फ्रेमच्या साध्या व्हिडिओसाठी ५३ ते ६८ एमबीपीएसची शिफारस करतं. आपण कुठल्या यूट्यूबच्या वतीने बोलत होतात?

देवळाची भिंत असती तर एक वेळ आपलं खपून गेलं असतं. एक पूर्ण चित्र साठवायचं आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं, या हिशेबावर हे सगळं कॉम्प्रेशन चालतं. भिंत हलत नाही, थोडक्यात भागतं. पण पावसात, उडत्या पाण्यात, वाऱ्यावरच्या गवतात दर फ्रेमला सगळंच बदलतं. तिथे ८ एमबीपीएस म्हणजे पंगतीला शंभर माणसं आणि भात चौघांचा. बरं, लोक छातीला कॅमेरा बांधून जातात कुठे? भिंतीपुढे उभं राहायला?

बाकीच्या तक्रारींचा पाढा वाचत नाही. कोपऱ्यातला वॉटरमार्क, एचइव्हीसी फाइल उघडायची तर 'आधी पैसे भरा' ही पाटी, रेंडर चालू झाला की गिरणीसारखा घोंघावणारा पंखा. असो.

खरं तर कधीकधी आपली दयाच येते. आपला जन्मच आठ जीबी रॅमच्या थकल्या लॅपटॉपसाठी झाला. मोठी फाइल दिली की कोणीतरी 'अपलोड होत नाही' म्हणून बोंब मारणार, वेळ लागला की 'हँग झालं' म्हणणार, आणि शेवटी सगळं जाणार नातेवाइकांच्या ग्रुपवर, जिथे ते पुन्हा दाबून चपटं होणार. कोणाचीच ओरड होऊ नये म्हणून आपण मान खाली घालून सगळं बारीक करत बसता. समजू शकतो.

पण अरे, मग तसं सांग ना! नाव 'लहान फाइल' ठेव. 'उत्तम' कसला? आणि सगळ्यात संताप कशाचा, तर हे काम तुझं नव्हतंच. नुसतं मागचं-पुढचं कापायला व्हिडिओ पुन्हा शिजवावा लागत नाही! लॉसलेसकट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आतल्या चित्राला हात न लावता फाइल कापतं. काप की-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चित्रावर बसतो, म्हणून सुरुवात जराशी मागेपुढे होते. पण थेंब जसाच्या तसा. कॅमेऱ्याने ४ जीबीला तोडलेले तुकडेही ते असेच जोडतं. जुन्या संगणकावर मिनिटभराचं काम, पंखासुद्धा हूं की चूं करत नाही. तू हे खिडकीत एका ओळीत सुचवू शकला असतास. तासभर गिरणी चालवलीस आणि पीठही सांडलंस.

रंग सुधारायचे, नाव टाकायचं, हादरे काढायचे, तर पुन्हा एन्कोड करणं आलंच. ते नाकारत नाही. पण ते एकदाच, आणि मूळ फाइलवरून. संगणक दमत असेल तर कापाकापी हलक्या प्रॉक्सी फाइलवर करावी आणि शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फूटेजवरून काढावा. रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट कॅमेऱ्याचाच, बिटरेट त्याच्या आसपास. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही ४के, ६० फ्रेमपर्यंत देते. म्हणजे प्रश्न पैशांचाही नाही. प्रश्न आपण त्या निळ्या चौकटीत बसून आहात, हा आहे.

तरी निदान एवढं करावं: मूळ फाइल किती एमबीपीएसची आणि आपण किती देणार, हे दोन आकडे बटणाशेजारी लिहावेत. पुढचं ज्याचं तो बघेल.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक मामा

ता. क. (वाचकांसाठी) : एक्स्पोर्ट पूर्ण पाहिल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका. या साहेबांनी गाळलेले थेंब कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.