महालातला काँप्युटरवाला भाऊ

नागपूरच्या महालात, म्हणजे भोसल्यांच्या वाड्याभोवती वाढलेल्या आणि गांधीगेट, चिटणीस पार्क, बडकस चौक या खुणांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्तीत, ज्याचे पूर्ण नाव कोणालाच ठाऊक नसते पण ज्याचा मोबाइल नंबर प्रत्येकाजवळ असतो, अशी व्यक्ती म्हणजे काँप्युटरवाला भाऊ होय. स्क्रूड्रायव्हर, पेनड्राइव्ह, रंगकामाचा ब्रश आणि शाळकरी खोडरबर एवढ्या सामग्रीवर त्याचा संसार चालतो, आणि यांपैकी खोडरबराचे प्रयोजन कळले की त्याचे निम्मे शास्त्र कळले, असे समजण्यास हरकत नाही. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती सांभाळणारी पट्टी, तिच्या सोनेरी कडेवर मळ साचला की पडदा काळाच राहतो आणि यंत्र नुसते बीप-बीप करत बसते. ती कड खोडरबराने पुसून पट्टी घट्ट बसवली की यंत्र निमूट चालू होते आणि इतक्या स्वस्त इलाजाने मालकाचा मात्र हिरमोड होतो.

भाऊचा खरा अभ्यासविषय यंत्र नसून साक्षीपुरावा हा आहे. “भाऊ, मी तं काहीच नाही केलं, थो आपोआपच बंद होऊन राहिला,” हे विधान त्याने इतक्या घरांतून आणि दुकानांतून ऐकलेले असते, की तो ते खोडून काढण्याच्या फंदात पडत नाही, “काय केलं?” असे विचारल्यास समोरचा माणूस वकील गाठेल हे जाणून तो “शेवटी स्क्रीनवर काय दिसलं?” एवढेच विचारतो, आणि मग सुटीला आलेला भाचा, एक फुकटचा गेम आणि न वाचता दाबलेली तीन बटणे असा घटनाक्रम आपोआप उलगडत जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीबरोबर गावातली सगळी इडापिडा जशी वेशीबाहेर धाडली जाते, तशी महालातली प्रत्येक काँप्युटरी चूक व्हायरसच्या नावावर लोटली जाते, आणि भाऊही सभ्यपणे त्या अनुपस्थित आरोपीला दोषी ठरवतो.

महिन्याची 20 तारीख ही जीएसटीचे विवरण भरण्याची सर्वसाधारण मुदत असल्यामुळे त्या दिवशी भाऊला मंत्र्याची प्रतिष्ठा लाभते. अशा दिवशी एखाद्या व्यापाऱ्याच्या यंत्रावर एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही आणि व्यापारी सरकारला दूषणे देत असतो, तेव्हा भाऊ पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहतो; मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, जी वीज बंद असतानाही तारीख-वेळ सांभाळते, ती संपली की यंत्र कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या खरेपणाचा मुदतबंद दाखला, त्या यंत्राच्या मते अजून सुरूच झालेले नसल्याने ते दार उघडत नाही. जीएसटी 1 जुलै 2017 रोजी लागू झाला, पण त्याआधीच्या काळात जाऊन बसलेल्या यंत्राला ते पटवायचे, तर आधी बॅटरी बदलावी लागते.

लग्नसराईत छापखाने त्याला बोलावतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी आकृती बसवलेली असल्यामुळे, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पत्रिका उघडताच वधूपित्याच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच स्वतंत्र क्रमांक दिलेला असल्याने ही आपत्ती टळते, हे भाऊ दरवर्षी समजावतो आणि छापखानेवाले दरवर्षी मान डोलावून जुन्याच फॉन्टात टंकलेखन करतात. मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडला की धुळीने गच्च भरलेला पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही आणि यंत्र जळण्यापेक्षा स्वतःच बंद होणे पसंत करते. तेव्हा रंगकामाच्या ब्रशाची पाळी येते.

मोबदल्याचा प्रश्न मात्र कोणत्याही ब्रशाने सुटत नाही, कारण “दोनच मिनिटं तं लागले, त्याचे काय पैसे?” हा महालाचा अर्थशास्त्रीय सिद्धान्त आहे. म्हणून अनुभवी भाऊ काम झाल्यावरही काळ्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा देतो, जी दूरच्या यंत्राला छोटासा संदेश पाठवून उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजते, आणि पांढऱ्या ओळी सरसर धावू लागल्या की चहासोबत तर्री पोहेही येतात. निघताना तो बॅकअप, म्हणजे माहितीची वेगळी ठेवलेली प्रत, घेतला आहे का असे विचारतो. “हो, डेस्कटॉपवरच आहे,” हे उत्तर ऐकून तो आपला नंबर पुन्हा एकदा देऊन ठेवतो, कारण एकाच डिस्कवर ठेवलेल्या दोन्ही प्रती डिस्कबरोबरच जातात.

तेव्हा महालकरांनी, आणि बाहेरच्यांनीही, आपल्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि भाऊला पैसे देताना घड्याळाकडे पाहू नये. दोन मिनिटांत दोष सापडतो, तो आधीची कित्येक वर्षे लोकांचे ऐकून घेतल्यामुळे.