अर्णवचे बाबा, ५ ब

त्यांना स्वतःचं नाव आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर ते छापून येतं. पण माझ्या फोनमध्ये, वर्गशिक्षिकेच्या फोनमध्ये आणि गणवेश शिवणाऱ्याच्या वहीत ते 'अर्णवचे बाबा, ५ ब' आहेत. मागच्या वर्षी '४ ब' होते. मुलगा वरच्या वर्गात गेला की तेही त्याच्याबरोबर पास होतात.

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेवर त्यांचं प्रेम आहे, पण ते सगळं कागदोपत्री. पालकसभेला बाकीचे लोक घटक चाचणीची तारीख विचारायला येतात. हे निळी प्लास्टिकची फाईल घेऊन येतात आणि उभं राहून म्हणतात, "मॅडम, शासन निर्णय काय म्हणतो, वाचून दाखवू का?" मॅडम पाण्याची बाटली जवळ ओढतात. तिसऱ्या रांगेतल्या आज्या स्वेटर विणायला घेतात.

बरं, माणूस खोटं बोलत नाही. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको, हे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेलंच आहे. त्याच्या आधी २०१५ मध्ये राज्य सरकारनेही दप्तराच्या ओझ्यावर शासन निर्णय काढला होता. म्हणून जूनमधल्या एका सकाळी अर्णवचे बाबा प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घेऊन शाळेच्या फाटकात उभे राहिले. "तन्वीचे बाबा, जरा फोटो काढा," मला हुकूम झाला. काट्यावर आलं ४ किलो ८०० ग्रॅम. अर्णवचं वजन २९ किलो. "म्हणजे किती हवं? दोन किलो नऊशे! हे पाहा, हे पाहा!" वॉचमनने पाहिलं. रिक्षावाल्याने पाहिलं. गडबड ऐकून मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उघडा बघू."

दप्तर उघडलं. पुस्तकं, वह्या, कंपास असं शाळेचं सामान बाजूला काढून तोललं, ते दोन किलो दोनशे भरलं. उरलेल्यात स्टीलच्या बाटलीत लिटरभर पाणी, छोट्या सुट्टीचा डबा, मोठ्या सुट्टीचा डबा, 'मध्येच भूक लागली तर' असा तिसरा डबा आणि स्कॉलरशिपचं गाईड.

"आमचं दोन किलो दोनशे," बाई म्हणाल्या. "बाकी तुमचं."

"पण गाईड लागतं ना, बाई."

"कधी?"

"कधीही."

हा त्यांचा स्वभावच. मध्यंतरी ओझं कमी व्हावं म्हणून बालभारतीने पुस्तकांचे चार भाग केले होते. तेव्हा अर्णवच्या दप्तरात चारही भाग असायचे. न जाणो, मॅडमनी पुढचा धडा घेतला तर?

फाटकातल्या प्रसंगानंतर त्यांनी तोडगा काढला. दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दहा टक्क्यांचा नियम मुलाला आहे, बापाला नाही. त्याच सुमारास व्हॅनवाले काका पुढच्या सीटवर तीन-तीन मुलं कोंबतात म्हणून त्यांनी लेखी तक्रार केली आणि व्हॅन सोडली. आता बापलेक सकाळी चालत निघतात. पुढे अर्णव हात हलवत, मागे बाबा दप्तर सांभाळत.

झोपेचा मुद्दाही फाईलमध्ये आहे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. अर्णव पाचवीत गेला आणि शाळा सव्वासातची झाली. "पाचवीतल्या मुलांना झोप येत नाही का?" हा प्रश्न बाबांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकला, रात्री पावणेबाराला. त्यावर चर्चा रंगली. साडेबाराला अर्णवच्या आईचा मेसेज आला, त्याच ग्रुपवर, "दिवा बंद कर. तो जागा आहे."

पीटीचा तास गणिताच्या मॅडम घेतात, यावर ते पोटतिडकीने बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगितली आहे, हे आम्हा सगळ्यांना त्यांच्यामुळेच कळलं. "मग संध्याकाळी खाली खेळायला पाठवा की," मी म्हटलं. "संध्याकाळी कसं जमेल? स्कॉलरशिपचा क्लास असतो. म्हणून तर शाळेने पीटी घ्यायला हवी!" इकडे शाळा म्हणते, खेळ आणि झोप घरी बघा. घर म्हणतं, शाळेने बघावं. मधल्या मध्ये अर्णव लिफ्टची वाट न बघता चार मजले धावत उतरतो, तेवढंच त्याच्या पदरात पडतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेलाचे, मिठाचे, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम आहे. बाबांनी तो पावलांनी मोजला. वडापावची गाडी अठ्ठेचाळीस मीटरवर होती. गाडीवाल्यानेही काही वाद न घालता ती चार मीटर मागे घेतली. कायद्याचं समाधान झालं आणि मोजून मोजून भूक लागल्यामुळे बाबांनी तिथेच एक खाल्ला.

अर्णवच्या डब्यात रोज मोड आलेले मूग असतात. डबा रोज रिकामा येतो. बाबा एका डायरीत 'संपवला' असं लिहितात. हे मूग प्रत्यक्षात आमची तन्वी खाते आणि बदल्यात तिची पोळी-भाजी अर्णवला देते. हा व्यवहार गेले कित्येक महिने चोख चालू आहे. दोघांच्या पोटात घरचंच जातं, त्यामुळे मीही बोललो नाही.

मग २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कुठल्या खाण्यात किती साखर, ते मुलांना दिसावं म्हणून. आमची शाळा राज्य मंडळाची. "साखर काय बोर्ड बघून वाढते का?" बाबांनी पालकसभेत विचारलं. शाळेने लावेपर्यंत त्यांनी घरच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. कोल्ड्रिंकच्या लहान बाटलीत सात-आठ चमचे, अमक्यात इतके, तमक्यात तितके. अर्णवने तो पाठ केला आणि पहिल्याच रविवारी बाबांच्या चहाकडे बोट दाखवलं. "बाबा, तीन कप म्हणजे सहा चमचे." मुलासमोर बोलायची सोय राहिली नाही. साखर बंद झाली. बिस्किटंही गेली.

रात्री अर्णव पेंगायला लागला की सराव प्रश्नपत्रिका बाबा सोडवतात. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, घड्याळ लावून. बुद्धिमत्ता चाचणीत त्यांचा हात आता चांगला बसला आहे. फेब्रुवारीत परीक्षा झाली, पुढे निकाल लागला. यादीत अर्णवचं नाव नव्हतं. बाबा दोन दिवस ग्रुपवर गप्प होते. अर्णवला विचारलं तर म्हणाला, "पेपर बरा गेला होता. पण सकाळी चालताना बाबांची आणि माझी डायनासोरवरून पैज लागली होती, तेच आठवत होतं."

परवा जिन्यात अर्णवचे बाबा भेटले. अंगातला शर्ट ढगळ वाटत होता. वार्षिक तपासणी करून आले होते. साखर खाली आलेली, पोट आत गेलेलं, रक्तदाब सरळ. डॉक्टर चकित झाले. वर्षानुवर्षं सांगून जे जमलं नाही ते यंदा कसं जमवलं, असं त्यांनी विचारलं.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मुलाची पाचवीची स्कॉलरशिप होती."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, हेच असं चालू ठेवा." त्यांनी खांद्यावरचं दप्तर सारखं केलं. "ठेवावंच लागेल. पुढची आता सातवीला असते."