नग १

(तालुक्याच्या गावची शाळा, पाचवी ते दहावी. मधली सुट्टी नुकतीच संपली आहे. शिक्षक-खोलीत नववीच्या वर्गशिक्षिका पर्स टेबलावर उलटी करून काहीतरी शोधत आहेत. शिपाईमामा १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा कडेवर घेऊन आत येतात. डब्याला झाकण, कडी आणि कुलूप बसवून घेतलं आहे. आत नववीचे फोन.)

बाई : मामा, डबा कपाटावर ठेवायला सांगितला होता ना?

मामा : ठेवला होता. तो खाली यायला निघाला.

बाई : म्हणजे?

मामा : तुम्ही पोरांना म्हणालात, फोनचा आवाज बंद करा. त्यांनी थरथरीवर टाकले. पत्र्याच्या डब्यात चार फोन एकदम थरथरले की ताशा वाजतो, बाई. सरकत सरकत कपाटाच्या कडेला आला. झेलला म्हणून वाचला.

बाई : पण तास चालू असताना यांना फोन करतं कोण?

मामा : आईबाप. दुसरं कोण करणार? दोस्त तर शेजारच्याच बाकावर असतात.

बाई : तुम्ही उचलत नाही ना?

मामा : एक वाजायचा थांबेचना म्हणून उचलला. पोराचा बाप होता. म्हणाला, "तास चालू असताना फोन उचलतोस? लाज नाही वाटत?"

बाई : मग?

मामा : मग काय, चुकलं म्हटलं. त्यांचा आवाजच तसा होता.

बाई : आज किती जमा झाले?

मामा : पटावर ४८, हजर ४४, जमा ३९. त्यातले ११ मयत.

बाई : मयत?

मामा : ना सिम, ना बॅटरी. घरातले जुने बटणांचे आणून देतात. एकात तर वजन भरायला खोडरबर कोंबलंय. खरा फोन दप्तरात. आणि हा बघा. कव्हर भारीतलं, म्हणून इतके दिवस मी उघडून बघितला नव्हता.

बाई : अहो, हा टीव्हीचा रिमोट आहे!

मामा : आहेच. आणि आपण त्याला रोज पावती देतोय, 'मोबाईल, नग १'. तुमच्या सहीनं. उद्या पोरगं म्हणालं आयफोन होता, तर?

(बाई पावतीपुस्तक झटकन स्वतःकडे ओढतात. कल्पना त्यांचीच होती. 'पाचच्या घंटेआधी नाही आणि पावतीशिवाय तर नाहीच' हे वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनीच रंगीत खडूनं लिहिलं आहे, भोवती वेलबुट्टी काढून.)

बाई : हेडसर सभेत म्हणाले तेच खरं. फ्रान्सनं २०१८ साली सरळ कायदा केला. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळेत फोन वापरायचा नाही म्हणजे नाही.

मामा : फ्रान्सात ताटांचा आकडा कोण भरतं?

बाई : आठवण नका करून देऊ. पाचवी ते आठवीत आज किती मुलं जेवली ते ॲपवर भरायचंय, आणि माझा फोनच सापडत नाहीये.

मामा : आणि गृहपाठ? तो तुम्ही रात्री नऊला ग्रुपवर टाकता.

बाई : काय करू? फळ्यावर लिहिलेलं कोणी उतरवूनच घेत नाही. सरळ फळ्याचा फोटो काढतात.

मामा : फोन डब्यात असताना?

बाई : (जरा थांबून) म्हणजे ते ११ जण काढत असणार. बाकीच्यांना तेच पाठवतात.

मामा : हुशार पोरं आहेत.

बाई : हुशार? काल विज्ञानाच्या तासाला एक जण पुस्तक घेऊन टेबलाशी आला. बालभारतीच्या पुस्तकात तो ठिपक्यांचा चौकोन असतो ना, क्यूआर कोड? त्यावर बोट ठेवून म्हणतो, "बाई, दीक्षा ॲपवर बघायचंय, डब्याची किल्ली द्या." पुस्तकच त्याच्या बाजूनं! मी म्हटलं, घरी बघ. तर म्हणे, घरी आई फोन काढून घेते, शाळेतच बघ म्हणते.

मामा : आपणच लावलेलं झाड आहे हे. २०२० साली शाळा बंद झाली तेव्हा घरोघर कोण फिरलं? तुम्ही आणि मी. "पोराला मोबाईल घ्या, नाहीतर मागं पडेल." एकानं दिवाळीत सोयाबीन विकून घेतला. परवा त्याच घरी चिठ्ठी घेऊन गेलो, पोराच्या हातातला मोबाईल काढून घ्या म्हणून. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि चहाचंसुद्धा विचारलं नाही.

बाई : तुमच्या काळी बरं होतं, मामा.

मामा : आमच्या काळाचं काही नाही त्यात. इनकमिंगला पैसे पडायचे तोवर बरं होतं. २००३ सालापर्यंत आलेला फोन उचलला तरी मीटर पडायचा. ज्याच्याकडं फोन होता तो खिशात विंचू असल्यासारखा शिस्तीत वागायचा. इनकमिंग फुकट झालं आणि पोरंच काय, साहेब लोकसुद्धा बिघडले.

बाई : माझ्या नंबरवर एक रिंग द्या बरं. पर्समध्ये तर नाहीये.

(मामा आपला बटणांचा फोन काढून नंबर लावतात. डबा गुरगुरतो.)

बाई : अगं बाई! सकाळी मुलांसमोर मीच टाकला. आदर्श म्हणून.

मामा : चाळिसावा होय? मी म्हटलं एक जास्त कसा भरतोय. (कुलूप काढतात. तेवढ्यात आतला फोन पुन्हा थरथरतो. मामा सवयीनं उचलतात.) हॅलो... हो साहेब... नाही साहेब, तासच चालू आहे... (हात आडवा धरून) केंद्रप्रमुख आहेत. विचारतात, तास चालू असताना फोन उचललाच कसा?

बाई : अहो, इकडे द्या!

मामा : (फोनमध्ये) नाही साहेब, मी शिपाई... आकडा? दोनशे बारा. (ठेवतात.)

बाई : दोनशे बारा कुठून आणलेत?

मामा : पंगतीत ताटं कोणी मांडली मघाशी?

बाई : बरं, द्या आता. ॲपवर भरून टाकते. ओटीपी आला असेल.

मामा : आलाय, दिसतोय. (डबा मांडीवर घेऊन झाकण लावतात.) पावती?