घाटाखाली दिसणारे किलोमीटर

डॅशबोर्डवर ‘अजून 180 किमी’ असं दिसतं तेव्हा ते किलोमीटर मागच्या रस्त्यावरून काढलेले असतात. पुढच्या रस्त्याची गाडीला काही कल्पना नसते. शोरूमवाले चावी हातात देताना हे सांगत नाहीत आणि अलोऱ्याच्या माणसाला नेमकं हेच आधी सांगायला हवं. इथून चिपळूणला जायचं तर रस्ता सोपा. कराडला जायचं तर पोफळी मागे पडताच कुंभार्ली घाट अंगावर येतो. गाडी तीच, टाकी तीच, तरी आकड्याचा अर्थ तोंड कुठे केलंय यावर बदलतो.

हा आकडा तीन अंदाजांचा बनतो. टाकीतला फ्लोट किती लिटर उरलंय ते सांगतो. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून किती जळलं ते काढतात. चाकं किती फिरली यावरून अंतर काढतात. अंतराला जळलेल्या लिटरांनी भागलं की ॲव्हरेज आणि त्याला उरलेल्या लिटरांनी गुणलं की ‘अजून इतके किमी’. यात ॲव्हरेज कुठलं धरायचं, शेवटच्या 30 किलोमीटरचं की शेवटच्या 300 चं, हे कंपनी ठरवते. गाडीच्या पुस्तिकेत ते सहसा छापलेलं नसतं. चढावर टाकी तिरकी झाली की फ्लोटही फसतो. झिजलेले किंवा वेगळ्या मापाचे टायर असले की अंतर चुकतं. अनेक गाड्यांचा पडदा हाताने केलेल्या हिशेबापेक्षा थोडं जास्तच ॲव्हरेज दाखवतो, हे गाडी वापरणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

उंचीची किंमत अलोऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. हे गाव कोयना प्रकल्पाच्या वसाहतीने वाढलं. वर शिवसागर जलाशय, खाली पोफळीचं वीजगृह, मधली पाण्याची उडी पावणेपाचशे मीटरच्या आसपास. त्या उडीच्या जोरावर महाराष्ट्राला वीज मिळते. पोफळीतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात आणखी 320 मेगावॉटला कामाला लावलंय. खाली येताना पाणी जे देतं, तेच वर जाताना तुमच्या गाडीला द्यावं लागतं.

हिशेब करून बघा. माणसं-सामान धरून साडेबाराशे किलोची गाडी तेवढीच उंची चढली की फक्त वर उचलण्यासाठी जवळपास 6 मेगाज्यूल लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये 32 च्या आसपास मेगाज्यूल असतात, पण त्यातले पंचवीस ते तीस टक्केच चाकापर्यंत पोहोचतात. म्हणजे नेहमीच्या खर्चावर अर्धा ते पाऊण लिटर जादा. सपाटीला 18 चं ॲव्हरेज देणारी गाडी अशा 20 किलोमीटरच्या टप्प्यात 11-12 वर येते. निघताना टाकीत 10 लिटर होते म्हणून पडद्यावर 180 होते. वर पोहोचल्यावर सव्वाआठ लिटर उरतात आणि ॲव्हरेज 14 धरलं गेलं तर पडदा 115 दाखवतो. चाललात 20, गेले 65. गाडी बिघडलेली नसते. पावसाळ्यात दरड आली आणि रांगेत तासभर इंजिन चालू ठेवावं लागलं, तर अर्धा-पाऊण लिटर आणखी जातं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही हे लागू आहे. जड गाडीला एवढी चढण अडीच युनिटच्या घरात पडते, फक्त उतरताना त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो.

उतरणीला उलटा खेळ. कराडहून येताना गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतो, पडद्यावर 99.9 झळकतं आणि खाली येईपर्यंत ‘अजून इतके किमी’ वाढतच जातात. टाकीत थेंबाचीही भर पडलेली नसते. तो फुगलेला आकडा बघून दुसऱ्या दिवशी परत घाट चढायला निघणं हा धोका आहे. त्याहून मोठा धोका म्हणजे पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरतं पेट्रोल जळतंच, इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. कृपा करून कुंभार्लीत हे करू नका.

माझा राग त्या यंत्रावर नाही, त्याला मोकळं सोडणाऱ्या नियमांवर आहे. पेट्रोल पंपावर तुम्ही पाच लिटरचं माप मागू शकता, त्यात 25 मिलिलिटरहून जास्त फरक चालत नाही. रिक्षाच्या मीटरला वैधमापन खात्याचं सील लागतं. मग ज्या आकड्यावर विसंबून माणूस लेकराबाळांसह रात्री घाटात शिरतो, त्याला कसलंच सील का नसावं? जाहिरातीतलं ॲव्हरेज तरी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत रोलरवर तपासलेलं असतं, मात्र त्या रोलरवर घाट नसतो. युरोपात 2021 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींत इंधनवापर मोजणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती 5 टक्क्यांहून जास्त चुकलेली चालत नाही. त्या नोंदींवरूनच युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जाहीर केलं की या गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेतल्यापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त इंधन पितात. आपल्याकडे इथेनॉल मिसळलेल्या ई-20 पेट्रोलने ॲव्हरेज घटल्याची ओरड 2025 मध्ये झाली. पेट्रोलियम मंत्रालयानेही ई-20 साठी न बनवलेल्या गाड्यांत 3 ते 6 टक्के घट मान्य केली. पण आपल्या गाडीत नक्की किती घटलं हे ग्राहकाने सिद्ध कशाने करायचं? पडद्याच्या आकड्याला कायद्याचा आधारच नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने युरोपातली 5 टक्क्यांची अट मोटार वाहन नियमांत घालावी आणि ‘अजून इतके किमी’ कुठल्या ॲव्हरेजवर काढले ते पुस्तिकेत छापायला लावावं. तोवर टाकी ते टाकी हिशेब ठेवा: एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून, तीन वेळा. आणि काटा पावच्या खाली असेल तर पडदा काहीही म्हणो, भरल्याशिवाय पोफळी ओलांडू नका.