राजमान्य राजेश्री आय.एन.आर. साहेबांच्या सेवेसी

मन-म्हैस नद्यांच्या संगमावरच्या बाळापूरहून साष्टांग नमस्कार.

रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आजचा रिपोर्ट पावला. आपण १.७ वर उतरलात; मागच्या खेपेस ४.८ वर विराजमान होतात. माझ्या आईच्या हृदयात धातूची मायट्रल झडप आहे, म्हणून ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. तिच्यासाठी आपण २.५ ते ३.५ मध्ये राहावं, असं डॉक्टर म्हणतात. एवढ्याशा ओसरीत आपल्यासारख्या थोरांनी मावावं तरी कसं!

आपले उपकार फार. आपण खाली आलात की झडपेवर गुठळी धरून अर्धांगवायूचं भय, वर गेलात की हिरड्यांतून रक्त. झोपेसारख्या आळसापासून आपण आम्हाला कायमचं सोडवलंत.

एकाच रक्ताचे निकाल लॅबगणिक बदलू नयेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली आपणास मापदंड नेमलं. त्या समान न्यायाची प्रचिती आम्हाला आली: एकाच सकाळी दोन लॅब, दोन आकडे.

आईच्या जेवणाकडे आपलं किती लक्ष! हिवाळ्यात भाकरीसोबत मेथीचा घोळाणा वाढला, की त्यातल्या व्हिटॅमिन के सोबत आपण घसरलात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून हिरवं बंद केलं, तर आपण आणखीच लहरी झालात. हिरवी भाजी सोडायची नाही, रोज साधारण सारखीच खायची, एवढं साधं पथ्य; ते गोळीच्या पहिल्या दिवशी कुणी सांगू नये, ही आपली केवढी पुण्याई! आणि ४.८? खोकल्यावर अँटिबायोटिक देणाऱ्याने आधीची गोळी विचारलीच नाही. आपण मात्र तत्परतेने दखल घेतलीत.

रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांना आपलं वारंवार दर्शन लागत नाही. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा गेलेली कष्टकरी माणसं आपल्याच दरबारी उभी राहतात, मजुरी बुडवून, एसटीने अकोल्याला जाऊन. दर्शन महाग नको का?

बोटाच्या एका थेंबात आपला आकडा सांगणारं छोटं यंत्र निघालंय. ते प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यावं, एवढी आपल्या वरच्या साहेबांकडे रदबदली करा.

आणि वाचकहो, घरात कुणाला आईसारखी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर कोणतंही नवं औषध, साधी पेनकिलरसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. चुकलेली गोळी दुप्पट करून घेऊ नका. शौचाला काळं झालं, डोक्याला मार लागला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

आपली आज्ञाधारक,
एका आईची लेक, बाळापूर