कुणी कुणी पाहिलं

स्टेटस टाकायचं, मोबाइल उपडा ठेवायचा आणि पाच मिनिटांनी किती वाजले ते बघायच्या निमित्तानं उचलायचा. समोर भिंतीवर घड्याळ असताना. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१७ साली ही सोय केली, तेव्हापासून माझा रक्तदाब ‘कुणी कुणी पाहिलं’ या यादीच्या हातात आहे. त्यातही कुणी पाहिलं नाही, हे मी जास्त बारकाईनं बघतो. व्याह्यांनी पाहिलं नाही म्हणजे मुद्दामच.

परवा काल्थ्रॉपवर स्टेटस टाकलं. बार्शीत राहून ज्याला एव्हरार्ड काल्थ्रॉप माहीत नाही, त्याच्याशी मी फार वेळ बोलत नाही. बार्शी लाइट रेल्वे त्याची. अडीच फुटी रूळ. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला गाडी सुरू झाली, मग रूळ वाढत वाढत इकडं लातूर, तिकडं पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेले. १९५४ साली ती सरकारजमा झाली. वेग असा, की चालत्या गाडीतून उतरून, चिंचा पाडून पुन्हा त्याच डब्यात चढता येई, असं आमचे वडील सांगत. पण खरी मौज पुढंच आहे. याच काल्थ्रॉपनं नंतर विलायतेत वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. नाव ‘गार्डियन एंजल’. चालत्या वाहनातून माणूस सुखरूप उतरवायचा कसा, हा विचार त्याच्या डोक्यात कुर्डुवाडी-बार्शी प्रवासातच आला असणार, हे माझं स्वतंत्र संशोधन. वर ठळक अक्षरांत ‘बार्शी तिथं सरशी’.

चौदा जणांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी मेव्हण्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा फोटो टाकला, आणि सगळ्या नातेवाइकांच्या तोंडाला पाणी सुटलं.

मी संन्यास घ्यायचं ठरवलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तसा पायंडाच पाडला: संध्याकाळी सातला भोंगा, की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. आमच्याकडे भोंगा नाही, म्हणून मी कुकरची शिट्टी मुक्रर केली. बायको म्हणाली, “अहो, तिसऱ्या शिट्टीला नेमकं काय बंद करायचं, गॅस का तुम्ही?”

तो दीड तास मला फार लागला. वडगावात सगळं गावच थांबतं, त्यामुळं कुणाचं काही हुकत नाही. इथं मी एकटा गच्चीवर डास मारत बसलेला, आणि खाली जगात मेव्हण्याची भाकरी जोरात.

साडेआठला यादी उघडली, तर वैरागची आत्या नाही. आत्याला खरं तर मी मोजतच नाही. ती काकड्याच्या वेळी उठते आणि माझं स्टेटस बघते, घरचीच मतदार. पण आदल्या दिवशीही ती नव्हती, हे आता ध्यानात आलं. फोन लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

“आत्या, अगं कळवायचं तरी!”

“कशाला? तू दिसतूस की रोज. बरा दिसतूस. म्हणलं, कशाला फोन करायचा.”

यावर काय बोलणार? वैराग तासाभराच्याही वाटेवर नाही. गेल्या दिवाळीला मी तिला पणतीचं चित्र पाठवलं होतं, तिनं उलट हात जोडले होते. ते दोघांनीही भेटीत धरलं होतं. लोक म्हणतात मोबाइलनं झोप जाते. माझी त्या रात्री गेली ती आत्या ‘बरा दिसतूस’ म्हणाली म्हणून. तिची काही तक्रार असती तर मी भांडलो तरी असतो.

“काय टाकलंवतंस आता?” तिनं विचारलं. “मला दिसत न्हाई. वाच की.”

मी घसा खाकरून काल्थ्रॉप वाचला. पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं. पॅराशूटला ती हसलीसुद्धा. मग म्हणाली, “समदं झ्याक हाय. पर ते चिंचंचं खोडून टाक. तुझा बाप उतरायचा, हे खरं. चढायचा कुठला? गाडी निघून जायची अन् ह्यो रडत चालत घरी यायचा. दोनदा मीच आणलाय.”